बिज्जू, बाबूभाई आणि टोपलीभर राख

काय काम करता असं बाबूभाईला कुणी विचारलं, तर तो सांगतो, "जमिनीचं." ऐकणाऱ्याला वाटतं, प्लॉटची दलाली करत असेल. आमच्या घरी आलेल्या एका नागपूरच्या पाहुण्याने तर त्याला बायपासच्या बाजूचा भावही विचारला होता. बाबूभाईने चहाचा कप खाली ठेवून गंभीरपणे सांगितलं, की माझ्याकडे सगळ्यांना सारखाच प्लॉट मिळतो, घाई करू नका. पाहुणा रात्रीच्या गाडीने परत जाईपर्यंत माझ्याशी नीट बोलला नाही.

बाबूभाई वडशाच्या कब्रस्तानात कबरी खोदतो. पस्तीस वर्षं झाली, त्याआधी त्याचा बाप खोदायचा. माणूस बुटका, हात मात्र लांब, आणि बोलणं मोजकं. त्याच्याकडे टेप नाही. फावड्याचा दांडा, आपली कंबर आणि आपली छाती, एवढीच त्याची मापं. खड्डा झाला की खाली मय्यतीची जागा कोरायची, तिच्यावर फरशीचे तुकडे बसवायचे, फटी चिखलाने बुजवायच्या आणि मग त्या चिखलावर राइस मिलमधून आणलेली तुसाची काळी राख टोपलीभर पसरायची. त्यानंतर लोक माती देतात. ही राख वाळवीसाठी असते असं सगळ्या गावाला ठाऊक होतं. मलाही तसंच ठाऊक होतं, आणि मला बऱ्याच गोष्टी ठाऊक असतात.

मी वीज मंडळात लाईनमन होतो. आता रिटायर आहे. माझ्या परसाची मागची भिंत हीच कब्रस्तानाची भिंत, छातीइतकी उंच. पलीकडे बाबूभाईचं राज्य, अलीकडे माझ्या बायकोचं, म्हणजे भागीरथाचं. माझं राज्य कुठेच नाही, म्हणून मी सकाळी भिंतीवर कोपर टेकून बाबूभाईशी गप्पा मारतो. मला दुसऱ्यांचा मूर्खपणा मुळीच खपत नाही. स्वतःचा मात्र वर्षानुवर्षं खपून जातो, आणि ही हकीकत त्यातल्याच एकाची आहे.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी अमरीनची मुलगी गेली. अमरीन आमच्या गल्लीत चार घरं सोडून राहते, ब्लाऊज शिवते, तिचा नवरा नदीम राइस मिलमध्ये कामाला आहे. मुलगी आठ महिन्यांची, नाव निशात. ताप आला, गडचिरोलीला नेली, तिसऱ्या दिवशी परत आणली ती कापडात गुंडाळूनच. भागीरथाने दोन दिवस चूल पेटवली नाही, आणि मीही जेवण मागितलं नाही.

इथल्या रिवाजाप्रमाणे बायका कब्रस्तानात जात नाहीत. बाबूभाईने तो रिवाज मोडला नाही, पण निशातची कबर त्याने आमच्या भिंतीला लागून, दीड हातावर खोदली. तिकडे चांगली मोकळी जागा असताना इथे कोपऱ्यात काऊन, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तुमच्या आंगनातून दिसते, भैयाजी." मला ते कळायला एक आठवडा लागला. पुढच्या शुक्रवारी अमरीन आमच्याकडे आली, परसात गेली, कपडे धुण्याच्या दगडावर उभी राहिली आणि भिंतीवरून वाकून पाहू लागली. ओढणीत तिने तांदळाची कणी आणली होती. नदीम मिलमधून आणत असे. तिने ओंजळभर कणी त्या इवल्याशा कबरीवर टाकली. जरा वेळाने चिमण्या उतरल्या, मागून दोन होले आले.

कबरीवर दाणे टाकायची पद्धत आहे. पाखरं खातात, त्याचं पुण्य गेलेल्या माणसाला पोचतं असं म्हणतात. अमरीनचं कारण मात्र वेगळं होतं. ते तिने भागीरथाला सांगितलं आणि भागीरथाने मला. निशात कधीच एकटी झोपत नसे. हात काढून घेतला की जागी व्हायची. आता तिथे तिला कुणी नाही, निदान पाखरं तरी येतील, तेवढीच सोबत. त्यानंतर शुक्रवार चुकला नाही. कधी कधी ती सोमवारीही यायची आणि भागीरथा काही न विचारता दगडावरचे कपडे उचलून घ्यायची.

हे असं अडीच महिने चाललं. धान निघालं, मळणी झाली, शेतांतल्या बांधी मोकळ्या पडल्या. जानेवारी संपत आला होता. त्या शुक्रवारी सकाळी आठ-सव्वाआठला अमरीन आली, दगडावर चढली, आणि तिच्या हातातली कणी भिंतीच्या अलीकडेच सांडली. मी दात घासत होतो. तिचा चेहरा पाहून मी ब्रश तोंडात ठेवूनच भिंतीपाशी गेलो.

कबरीच्या भिंतीकडच्या बाजूला भोक पडलं होतं. माझं डोकं आत गेलं असतं एवढं. उकरलेली माती मागे ढीग करून टाकलेली, मातीत लांब नखांचे ओरखडे, आणि सगळीकडे एक घाण वास. सडलेल्याचा नव्हे. सडलेला कांदा आणि जळकं रबर एकत्र करावं तसा काहीतरी उग्र, नाकात बसणारा. आणि मी, चाळीस वर्षं खांबावर चढलेला, विचार करून वायरला हात लावणारा माणूस, अमरीनच्या बाजूला उभा राहून बोलून गेलो, "कबरबिज्जू."

आमच्या भागात हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. बिज्जू कबर उकरतो, मय्यत खातो, लहान लेकराची कबर तर त्याला आधी कळते. हे मी माझ्या आजोबांकडून ऐकलं होतं आणि आजोबांनी बिज्जू जन्मात पाहिला नव्हता. अमरीन ओरडली नाही की रडली नाही. दगडावरून उतरली, जमिनीवर बसली आणि बसूनच राहिली. भागीरथाने माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही.

दुपारच्या नमाजानंतर गावात दुसरा विषय नव्हता. कब्रस्तान कमिटीचा जुबेर आला, भोक पाहून गेला. माणूस वाईट नाही, पण घाबरला की त्याला लगेच काहीतरी ठरवावं लागतं. त्याने दोन गोष्टी ठरवल्या. एक, मटणाच्या तुकड्यात औषध घालून ठेवायचं आणि बिज्जूला मारायचं. दोन, बाबूभाईने कबर उथळ खोदली असणार, तेव्हा पुढे हे काम दुसऱ्या कुणाला द्यायचं का ते रविवारी बसून पाहायचं. तोवर तिथे कुणी हात लावायचा नाही. पस्तीस वर्षांत बाबूभाईवर असा बोल कधी आला नव्हता. मला वाटलं, हा आता भडकणार. तो मान खाली घालून गेला आणि दिवसभर आपल्या पत्र्याच्या खोलीसमोर बसून राहिला. त्या कबरीकडे तो फिरकलादेखील नाही.

अमरीनने त्या दिवशी काही खाल्लं नाही. रात्रभर ती बसून होती असं नदीमने सांगितलं. आत काही उरलं आहे की नाही, एवढंच ती विचारायची. त्यावर कोण काय सांगणार? कबर उघडून पाहता येत नाही, पाहूही नये. आणि हा प्रश्न तिच्या डोक्यात माझ्या तोंडातून गेला होता. मी त्या रात्री दोनदा उठून पाणी प्यालो आणि दोन्ही वेळा भागीरथा जागीच होती.

शनिवारी सकाळी दिव्यानी आली. दिव्यानी आमच्या बीटची वनरक्षक, जवळच्याच खेड्यातली पोरगी, अंगावर खाकी आणि बोलायला धारदार. विष ठेवण्याची गोष्ट तिच्या कानावर गेली होती. तिने जुबेरला आधी कायदा सांगितला, मग आवाज खाली आणून भोकाशी उकिडवी बसली. नखांचे ओरखडे बोटाने मोजले, वास घेतला, मातीतून एक जाडसर पांढुरका केस उचलला आणि म्हणाली, की हा खराच बिज्जू आहे. त्याला रॅटेल म्हणतात.

मग ती जे सांगू लागली ते ऐकून मला माझ्या ज्ञानाची शरम वाटली. आपण बिज्जू म्हणून तीन वेगळी जनावरं एकाच खात्यात टाकतो. एक उदमांजर, लांब शेपटीचं, झाडावर राहणारं, घराच्या माळ्यावरही येतं, मुख्य खाणं फळं. दुसरं जवादी मांजर, अंगावर ठिपके, त्यालाच कस्तुरी मांजर म्हणतात. तिसरा हा रॅटेल, खाली काळा, वर पाठीवर राखाडी पांढरा, पाय आखूड, पुढची नखं बोटाएवढी. तिघांनाही शेपटीखाली वासाची ग्रंथी असते. कुणी कोंडलं, घाबरवलं, की वास सोडतात. माझ्या नातीच्या इंग्रजी पुस्तकात स्कंक नावाचा एक काळा-पांढरा परदेशी प्राणी आहे, तोही असाच. दिव्यानी म्हणाली, ते याचे लांबचे सोयरे. वास हे घाबरलेल्या जनावराचं हत्यार असतं, आणि वास आला की माणसं त्याच्या नावावर काहीही खपवतात. रॅटेल उकरतो तो उंदीर, घुशी, किड्यांच्या अळ्या, वाळवी यांच्यासाठी. मधाचं पोळंही सोडत नाही.

भिंतीच्या अलीकडून अमरीन हे ऐकत होती. तिला भागीरथाने धरून आणलं होतं. तिने विचारलं, की म्हणजे तो मय्यतीला तोंड लावत नाही ना, कधीच नाही ना.

दिव्यानीच्या जागी मी असतो तर हो म्हणून मोकळा झालो असतो. ती म्हणाली, "ताई, मी खोटं नाई बोलनार. उघड्यावर मेलेलं भेटलं तर जंगलातलं कोनतंच जनावर सोडत नाई. हा इथी कशासाठी आला ते मले या भोकावरून नक्की सांगता येत नाई."

अमरीनने मान हलवली, आणि तिचा चेहरा आदल्या दिवसापेक्षाही वाईट झाला. मला दिव्यानीचा राग आला आणि तिचा आदरही वाटला.

तेवढ्यात बाबूभाई उठला. तो कधी दिव्यानीच्या मागे येऊन बसला होता ते कुणाला कळलं नव्हतं. त्याने जुबेरला एकच विचारलं, की कबर उघडायची नाही, पण बाहेर पडलेली माती पाहिली तर चालेल का. जुबेरने मौलानांना फोन लावला. पडलेली माती पाहायला हरकत नाही, असं उत्तर आलं. बाबूभाईने भागीरथाकडे भिंतीवरून सूप मागितलं आणि एक पांढरी चादर.

त्याने चादर भिंतीपाशी अंथरली, अमरीनला दिसेल अशी. ढिगातली माती ओंजळीने सुपात घेतली आणि पाखडू लागला. पहिलं सूप चादरीवर पसरलं, बोटं फिरवली. दुसरं, तिसरं. लाल-पिवळी माती, खडे, मुळं, शिंपल्याचा एक तुकडा. सगळा ढीग संपला. मग तो खाली बसला, दोन्ही तळवे चादरीवर टेकले, आणि त्याने लांब श्वास सोडला.

"काळं नाई," तो म्हणाला. "पाह्य बेटी, एक कण काळा नाई."

आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. मग त्याने राखेचं सांगितलं. ती राख वाळवीसाठी नसतेच. जुनं कब्रस्तान, जागा थोडी, नवी कबर खोदताना खाली जुनी लागू शकते. फावड्याला काळी माती लागली की थांबायचं, त्याच्या वीतभर खाली कुणीतरी आहे. त्याच्या बापाची ही खूण. लोक वाळवी म्हणतात तर म्हणू द्यावं, मय्यत किती खाली आहे याची चर्चा घरच्यांपुढे करायची नसते, हेही बापानेच शिकवलेलं. बिज्जू राखेपर्यंत गेला असता तर राख वर आली असती. त्याच्या नखांनी उकरलेली माती काळी झाली असती. ती कुठेच नव्हती.

"तर मग काल काऊन नाई सांगितलं?" जुबेर म्हणाला.

बाबूभाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. "भेलो होतो," तो म्हणाला. "मी बी लहानपनापासून बिज्जूचं तेच आयकलं. माती चाळली अन् काळं निंगालं तर? मंग हिले काय सांगू? म्हनून मी दिवसभर तिकडं पाह्यलंच नाई."

एवढं बोलून तो पोटावर आडवा झाला आणि त्याने तो लांब हात भोकात घातला. भोक हातभर खाली जाऊन भिंतीकडे वळलं होतं. कबरीच्या आत नाही, बाहेर. तो खांद्यापर्यंत आत गेला, चाचपडला, आणि मूठ बाहेर काढून चादरीवर उघडली. मातकट झालेली कणी. पुन्हा हात घातला, पुन्हा कणी. तिसऱ्यांदा कणीबरोबर घुशीच्या शेपटीचा तुकडा आला. दिव्यानी तो पाहून हसली, मग लगेच सावरली.

आता गोष्ट लहान मुलालाही कळण्यासारखी होती. बांधी मोकळ्या झाल्या, घुशी गावाकडे सरकल्या. इथे मऊ माती आणि दर आठवड्याला वरून पडणारी कणी. चिमण्यांनी सोडलेली कणी रात्री घूस ओढून नेई आणि भिंतीच्या पायाशी साठवी. बिज्जू आला तो घुशीच्या मागावर. कोंडलेली घूस काढताना त्याने वास सोडला असेल, किंवा कुत्र्यांनी त्याला हटकलं असेल.

अमरीन कणीकडे पाहत होती. "म्हनजे मीच बोलावलं त्याले," ती म्हणाली.

"तू चिमन्याईले बोलावलं," बाबूभाई म्हणाला. "घूस न बोलावता आली. तिले मऊ माती लागते, ती खाली खाली पोखरत गेली असती, महिन्याभरात फरशीपावतर. त्यानं तिले वरच खाल्लं. बेटी, निशातपावतर कोनी गेलं नाई. ना घूस, ना बिज्जू."

"किती खाली हाये ती?"

बाबूभाईला हे सांगणं जड गेलं, पण त्याने हात आपल्या छातीवर आडवा ठेवला. जुबेरने चमकून पाहिलं. लेकराची कबर कमरेइतकीही खोल लागत नाही, त्याहून कमीच खोदतात. छातीइतकी म्हणजे मोठ्या माणसाची.

"कोनी सांगितलं नोतं," तो जरा ओशाळून म्हणाला. "भिंतीजवळ कुत्रे फिरतात. अन् मले वाटलं, द्यावं तिले पुरं."

जुबेर पुढे झाला, त्याने बाबूभाईचा मातीने भरलेला हात धरून त्याला उठवलं आणि रविवारच्या बैठकीचं पुन्हा नाव काढलं नाही. अमरीन रडली. पहिल्यांदा मोठ्याने, मोकळी, भागीरथाच्या खांद्यावर. नंतर तिने पाणी मागितलं, मग आदल्या दिवशीची शिळी पोळी होती तीच चहाबरोबर खाल्ली, आणि आमच्या परसातल्या खाटेवर जरा टेकते म्हणाली. ती सकाळी साडेदहाला झोपली ती दुपारचे चार वाजेपर्यंत. भागीरथाने मला खोकूही दिलं नाही. शेजारच्या घरी मिक्सर लागला तेव्हा ती जाऊन तो बंद करायला सांगून आली. मी अंगणात नुसता बसून होतो आणि इतकं हलकं मला रिटायर झालो त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

चारनंतर बाबूभाईने भोक बुजवलं, माती ठोकून बसवली आणि वरून बोरीच्या काट्या टाकू लागला. अमरीन जागी होऊन दगडावर उभी होती. तिने त्याला थांबवलं. भिंतीकडची बाजू मोकळी ठेवा, घुशी अजून असतील, बिज्जूला यायला वाट राहू द्या, असं ती म्हणाली. बाबूभाईने त्या बाजूची काटी उचलून पलीकडे टाकली. कणी आता ती कबरीवर टाकत नाही. भिंतीवर एक मातीचं परळ ठेवलं आहे, त्यात घालते. चिमण्या तिथे येतात आणि सांडलेलं भागीरथा झाडते.

फेब्रुवारीत एका पहाटे, फटफटत असताना, मी त्याला पाहिलं. भिंतीच्या कडेने डुलत डुलत चालला होता, कुणाच्या बापाचं भय नसल्यासारखा. खाली काळा कुळकुळीत, पाठीवर पांढरं घोंगडं टाकल्यागत. निशातच्या कबरीपाशी थांबला, माती हुंगली, भिंतीच्या पायाशी दोन-चार वेळा नखं मारली, काही मिळालं नाही तसा निघून गेला. वास मुळीच आला नाही. त्याला कुणी घाबरवलं नव्हतं.

शुक्रवारी अमरीन आली तेव्हा मी तिला सांगितलं. या वेळी शब्द तोलून, आधी भागीरथाला विचारून. ती परळात कणी घालता घालता ऐकत राहिली.

"रोज येते का तो, भाऊ?"

"रोज नाई. पन येते. मी आता लवकर उठून पाह्यतो."

तिने ओढणी झटकली, भिंतीवरून एकदा वाकून पाहिलं आणि दगडावरून उतरली.

"बरं झालं," ती म्हणाली. "रात्रीची सोबत नोती तिले."